पहारेकऱ्याला कंदील हवा, किल्ली नको

खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे लागतात, हे वाशीम जिल्ह्यातील सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. पूर्वी हे उतारे तलाठ्याच्या दप्तरात असत आणि तलाठी सजावर नसला की गावकऱ्याला हेलपाटा पडे. 1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला व हा हेलपाटा पुष्कळसा वाचला. पण ऐन गर्दीत 'सर्व्हर बंद आहे' हे वाक्य कानी पडले, की रिसोड वा मानोऱ्याच्या शेतकऱ्याची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे पूर्वीप्रमाणेच बुडते. तलाठी निदान डोळ्यांना दिसे. सर्व्हर तोही दिसत नाही.

जमिनीच्या नोंदी, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, बँकांची खाती या साऱ्यांचे डेटाबेस आज दूरच्या डेटा सेंटरमधील अनेक सर्व्हरवर असतात. प्रत्येक यंत्रापुढे माणूस बसविणे शक्य नाही. म्हणून देखरेखीची प्रणाली ठरावीक अंतराने प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करते : डिस्क किती भरली, बॅकअप निघाला काय, दुय्यम प्रत मूळ प्रतीच्या किती मागे आहे, कोणते काम अडकले आहे. पुष्कळदा सर्व्हर एकाएकी बंद पडत नाही. डिस्क कित्येक दिवस भरत असते आणि तिकडे कोणी पाहिलेले नसते, इतकेच.

पाहिलेले का नसते? अनेक ठिकाणी सुरक्षेचे नियम आड येतात. बाहेरचा प्रोग्राम बसवावयाचा नाही, एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डोकावयाचे नाही, परवानगीवाचून सर्व्हरवर प्रवेश नाही. तंत्रज्ञ मग वैतागून नियम सैल करावयास सांगतो. हे मान्य करता येणार नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएमच्या विनंत्या मूळ बँकिंग प्रणालीपर्यंत पोहोचू न देता घुसखोरांनी त्या परस्पर मंजूर केल्या. 11 ऑगस्टला अनेक देशांतील एटीएममधून पैसे निघाले, 13 ऑगस्टला हाँगकाँगच्या खात्यात सुमारे 14 कोटी रुपये वळते झाले आणि एकूण फटका सुमारे 94 कोटींचा बसला. दारावरील कुलूप हवेच. पण आतील हालचालीवर नजरही तितकीच हवी, हा त्याचा धडा होय.

या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. कचेरीतील हिशेबतपासनीस रोकडवही पाहतो, तिजोरीची किल्ली मात्र त्याच्याकडे नसते. त्याच न्यायाने देखरेखीच्या प्रणालीला स्वतंत्र खाते द्यावे. त्यातून सर्व्हरच्या स्थितीचे आकडे वाचता यावेत, नागरिकांच्या नोंदी वाचता वा बदलता येऊ नयेत. रेंगाळलेल्या आदेशाचा मजकूरही तिने जसाच्या तसा टिपू नये, कारण त्यात खातेदाराचे नाव वा गट क्रमांक असू शकतो. कोण केव्हा आत गेला याचे लॉग वेगळ्या ठिकाणी साठवावेत, जेथे खुद्द प्रशासकालाही ते पुसता येणार नाहीत. केंद्राच्या 'सर्ट-इन' या संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेले निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळविणे, लॉग 180 दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळविणे त्यांत सांगितले आहे. म्हणजे नियमांनीच देखरेख गृहीत धरली आहे. नजरच नसेल तर त्या 6 तासांची मोजणी सुरू तरी केव्हा व्हावी?

खरी अडचण तंत्राची कमी आणि हिशेबाची अधिक आहे. देखरेखीचा खर्च खात्याच्या अंदाजपत्रकात दिसतो. सर्व्हर बंद पडल्याचा खर्च मात्र रांगेतील माणसाच्या खिशातून जातो आणि कोणत्याच लेखाशीर्षाखाली येत नाही. जो खर्च दुसऱ्याने सोसावयाचा, तो टाळण्याची निकड कोणाला वाटावी? म्हणून कोणती सेवा महिन्यात किती तास बंद होती, हा आकडा तहसील कचेरीच्या फलकावर लावला जावा. त्यात कसलेही गुपित फुटत नाही. वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत ही प्रथा सुरू झाली, तर रांगेत बुडालेल्या दिवसाची सरकारदरबारी प्रथमच नोंद होईल.