आजोबांचं एचएमटी कपाटात पडलंय? मग घड्याळं जमवायला तुमची सुरुवात झालीच म्हणून समजा

रील्स बघता बघता मध्येच एक घड्याळ समोर येतं. हिरवीगार डायल, त्यावर 'एचएमटी', खाली कॅप्शन, 'ओरिजिनल विंटेज, कंपनी बंद, शेवटचे दोन पीस'. किंमत दीड-दोन हजार. आपल्याला आजोबांची आठवण येते आणि बोट 'डीएम करा'वर जातं.

थांबा. असं घड्याळ बहुतेक वेळा आजोबांच्या काळातलं नसतं. निदान सगळंच्या सगळं तरी नसतं. ते कसं, हे पुढे सांगतोच. आधी हा छंद काय आहे आणि डहाणू-तलासरीसारख्या ठिकाणी राहून तो करता येतो का, ते बघू. करता येतो, आणि महिन्याच्या खर्चाला फार मोठं भोक न पाडता करता येतो.

सगळे एचएमटीपासूनच का सुरू करतात?

कारण ते घरात सापडतं. सरकारी कंपनी हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्याआधी मनगटावर घड्याळ म्हणजे बहुतेक स्विस माल आणि तो परवडणारे लोक मोजके. फावर-ल्युबा ही स्विस कंपनी तर १८६५ पासून मुंबईत व्यवसाय करत होती. पुढे आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हा परदेशी घड्याळं तस्करीतून यायची. आपल्या या पश्चिम किनाऱ्यावर सोन्यासोबत घड्याळंही उतरवली जायची. त्यामुळे एखाद्या घरात जुनं स्विस किंवा जपानी घड्याळ निघालं आणि त्याचं बिल नसलं, तर नवल वाटून घेऊ नका.

एचएमटी मात्र सामान्य माणसाचं. लग्नात जावयाला घड्याळ, सायकल आणि रेडिओ, हे तेव्हाचं ठरलेलं त्रिकूट. रेल्वे, वीज मंडळ, एसटी, जिल्हा परिषदेची शाळा, कुठूनही माणूस निवृत्त झाला की निरोप समारंभात घड्याळ. जनता, पायलट, कोहिनूर, कांचन ही नावं आजही साठीच्या पुढच्या माणसाला विचारून बघा, डोळे चमकतात.

मग १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली. टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या महामंडळाचा हा संयुक्त उद्योग. चावी द्यायची कटकट नाही, दिसायला देखणी, वेळेला अचूक. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस कंपनी बंद करायला मंजुरी दिली. एचएमटी नावाची नवी घड्याळं आजही विकली जातात, पण 'कंपनी बंद' ही बातमी पसरली आणि जुन्या मालाला अचानक भाव आला. रील्समधली हिरवी डायल इथूनच आली.

हे 'मुंबई स्पेशल' काय प्रकरण आहे?

जुनी बंद पडलेली घड्याळं किलोने विकत घेतली जातात. एकाचं मशीन, दुसऱ्याची केस, तिसऱ्याचे काटे जुळवून एक चालू घड्याळ तयार होतं. जुनी डायल घासून तिच्यावर नवा रंग आणि नवी छपाई केली जाते. हे काम वर्षानुवर्षं मुंबईतून चालतं, म्हणून जगभरातले संग्राहक अशा घड्याळाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं गाजलंय.

माझ्या मते यात दरवेळी फसवणूक असते असं नाही. विकणाऱ्याने 'डायल नवीन छापलीय, मशीन जुनं आहे' असं सरळ सांगितलं आणि किंमत त्या मानाने लावली, तर रोज वापरायला ते छान घड्याळ आहे. बंद पडलेल्या मशीनला पुन्हा धडधडायला लावणं हे कसब आहेच. गडबड होते ती 'ओरिजिनल' म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे उकळले जातात तेव्हा.

ओळखायचं कसं? डायलवरची अक्षरं झूम करून बघा. कारखान्यातली छपाई बारीक आणि धारदार असते. नव्या छपाईत अक्षरांच्या कडा फुगतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत. भडक जांभळा, पोपटी, केशरी असे रंग दिसले की संशय घ्या. पन्नास वर्षांचं घड्याळ आणि डायलवर एकही डाग नाही, हे तर फारच गोड प्रकरण. केसवर खड्डे असून त्यावर चकाकतं नवं पॉलिश असेल, किंवा काटे डायलच्या मानाने आखूड-लांब वाटत असतील, तरी तेच समजा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. जनतासारख्या चावीच्या घड्याळात १७ ज्वेलचं मशीन असतं आणि त्यावर एचएमटीचा शिक्का असतो. फोटो द्यायला जो का-कू करतो, त्याला राम राम.

एक युक्ती मोफत आहे. या जुन्या मशीनची गती तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. फोनच्या माइकजवळ घड्याळ ठेवून ठोके मोजणारी अ‍ॅप मिळतात. फार नेमकी नसतात, पण मशीन दिवसाला दहा मिनिटं पळतंय की दहा सेकंद, एवढं नक्की कळतं. तेही नको असेल तर पूर्ण चावी द्या, फोनशी वेळ जुळवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. चांगल्या स्थितीतलं चावीचं घड्याळ दीड दिवसाच्या आसपास चाललं पाहिजे.

डहाणूत बसून घ्यायचं कुठून?

पहिली जागा आपलंच घर, मग मामाचं, आत्याचं. खरं सांगायचं तर याहून खात्रीचा माल कुठे मिळत नाही, कारण हे घड्याळ कोणी, कधी, कशासाठी घेतलं ते सांगणारी माणसं अजून घरात आहेत. विचारून लिहून ठेवा. अजून काही वर्षांनी विचारायला कोणी नसेल.

दुसरी जागा मुंबई. २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल आहे. ग्रँट रोडला उतरून चोर बाजारात चालत जाता येतं. तलासरीकरांना आधी डहाणू किंवा उंबरगाव स्टेशन गाठावं लागतं, एवढाच काय तो फरक. पहिल्या खेपेला खिशात पैसे कमी ठेवा आणि नुसतं बघा, हाताळा, भाव विचारा. जुन्या चोपड्या चाळल्यासारखं एक दिवस फिरलात की नजर बसायला लागते.

नवं घ्यायचं असेल तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू घ्या. १९८९ पासून जवळपास तसंच विकलं जाणारं हे डिजिटल घड्याळ मोठमोठ्या संग्राहकांच्या पेटीतही असतं. 'फर्स्ट कॉपी' रोलेक्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, आणि आतलं मशीन कधी दगा देईल त्याचा भरवसा नाही.

आणि हो, 'गुंतवणूक' म्हणून एचएमटी घेऊ नका. लाखोंनी बनलेली वस्तू आहे. मोजकी दुर्मीळ मॉडेल सोडली तर विकताना घेतलेल्या किमतीएवढेही हातात पडतील याची खात्री नाही.

समुद्रकाठच्या हवेत घड्याळ टिकतं का?

टिकतं, पण लाड करावे लागतात. बोर्डी, घोलवड, डहाणूच्या खाऱ्या दमट हवेत क्रोमचा मुलामा सुटतो, आतल्या स्टीलच्या भागांना गंज धरतो. जुन्या घड्याळाला पाणी अजिबात चालत नाही. मागे 'वॉटर रेझिस्टंट' कोरलेलं असलं तरी आतलं रबर केव्हाच वाळून गेलेलं असतं. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात ठेवून वाट बघू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. डबा हवाबंद घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच. पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, तेव्हा चार महिने नायलॉनचा पट्टा बरा. बंद पडलेल्या क्वार्ट्झ घड्याळातला सेल काढून ठेवा, नाहीतर तो गळून सर्किट खातो.

अंधारात चमकणाऱ्या जुन्या काट्यांना आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो. साधारण साठच्या दशकापर्यंतच्या काही परदेशी घड्याळांत ते खरोखरच रेडियम असायचं. त्याची चमक काही वर्षांत जाते, पण किरणोत्सर्ग राहतो. रेडियम निम्मं व्हायलाच सुमारे १,६०० वर्षं लागतात. बंद घड्याळ कपाटात असलं म्हणून घाबरू नका. फक्त ते घरी उघडून काटे खरवडू नका, ती धूळ नाकातोंडात जायला नको.

दुरुस्तीचं काय?

खरी अडचण इथे आहे. भाग मिळतात ते दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून. आणि डोळ्याला भिंग लावून चावीचं मशीन सोडवणारे घड्याळवाले काका बहुतेक साठी-सत्तरीचे आहेत. मुलं मोबाइल दुरुस्तीत गेली. तुमच्या बाजारात असे कोणी असतील तर आधी एखादं साधं, कमी जिव्हाळ्याचं घड्याळ देऊन त्यांचा हात बघा. आजोबांचं घड्याळ देताना स्पष्ट सांगा, 'काका, फक्त साफसफाई आणि ऑइलिंग करा. डायलला हात लावायचा नाही, पॉलिश नको, आणि जो भाग बदलाल तो जुना मला परत द्या.' देण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. हे सांगायचं राहिलं तर काका चांगल्याच हेतूने डायल नवीकोरी करून देतात, आणि पिवळी पडलेली, कोपऱ्यात डाग असलेली ती मूळ डायल कचऱ्यात जाते.