टेनिसच्या सामन्याची वही

वरवट बकाल हे बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील एक गाव. वऱ्हाडातील अशा गावांतील मुलांना कबड्डीचे गुण कसे मोजतात हे सांगावे लागत नाही. गडी बाद झाला की गुण मिळतो आणि वेळ संपली की ज्या संघाचे गुण अधिक, तो विजयी होतो. टेनिस हा खेळ मुख्यतः शहरांतून खेळला जातो. परंतु दूरचित्रवाणीमुळे त्याचे सामने आता खेडोपाडीही पाहता येतात. कबड्डीचा हिशेब मनात धरून जो टेनिस पाहू लागतो, तो मात्र प्रथम गोंधळतो. या खेळात अधिक गुण मिळवणारा खेळाडू हरूही शकतो!

टेनिसमध्ये गुणांचा गेम होतो आणि गेमांचा सेट होतो. गेम जिंकण्यास किमान चार गुण व दोन गुणांची आघाडी लागते. समजा, एका खेळाडूने सहा गेम प्रत्येकी ४–२ अशा गुणांनी जिंकले आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याने चार गेम ४–० असे जिंकले. सेट पहिल्याने ६–४ असा जिंकला. परंतु त्याचे एकूण गुण भरतात २४, आणि हरलेल्याचे २८. म्हणजे गुण किती मिळाले याहून ते केव्हा मिळाले याला येथे अधिक महत्त्व आहे.

म्हणूनच टेनिसची नोंद केवळ ताळ्याच्या खुणांनी करून भागत नाही. त्या खुणांवरून संख्या कळते, क्रम कळत नाही. वही घेऊन बसणारा जाणता प्रेक्षक प्रत्येक गेमसाठी दोन ओळी आखतो. वरची ओळ सर्व्हिस करणाऱ्याची, खालची समोरच्याची. गुण ज्याला मिळाला त्याच्या ओळीत तो एक अक्षर लिहितो व डावीकडून उजवीकडे सरकत जातो. प्रतिस्पर्ध्याला चेंडूला स्पर्शही करता आला नाही, अशा बिनतोड सर्व्हिससाठी ‘बि’. सर्व्हिसच्या दोन्ही संधी वाया गेल्या तर ‘दु’. जिंकून देणाऱ्या फटक्यासाठी ‘फ’. आणि समोरच्याने चेंडू जाळीत अथवा रेषेबाहेर मारला तर ‘चु’. पहिली सर्व्हिस चुकून दुसरीवर खेळ झाला असेल, तर अक्षराखाली एक रेघ. मोठ्या स्पर्धांत दोन गुणांच्या मध्ये खेळाडूंना २५ सेकंद मिळतात. तेवढा वेळ एक अक्षर लिहिण्यास पुष्कळ होतो.

यांत ‘चु’ हे अक्षर सर्वांत अवघड. चेंडू बाहेर गेला तो खेळाडूच्या निष्काळजीपणामुळे, की प्रतिस्पर्ध्याच्या जबर फटक्यामुळे? याचा निर्णय लिहिणाराच करतो. त्यामुळे एकाच सामन्याच्या दोन वह्या क्वचितच तंतोतंत जुळतात. शिवाय लिहिणारा कोणा एका खेळाडूचा चाहता असतोच. आपल्या आवडत्या खेळाडूचे सुंदर फटके त्याला आठवतात. चुका तो सोयीने विसरतो. वही विसरत नाही. ऐन मोक्याच्या क्षणी आपल्याच वीराच्या नावावर लिहावे लागलेले ‘दु’ त्याला सामना संपल्यावर पुन्हा वाचावे लागते.

ज्याची वही अगदी पाहण्याजोगी झाली असती, असा एक सामना महाराष्ट्रातच झाला. जानेवारी २०१९ मध्ये पुण्याजवळील बालेवाडी येथे महाराष्ट्र खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन व क्रोएशियाचा इव्हो कार्लोव्हिच समोरासमोर आले. दोघेही दोन मीटरहून उंच आणि दोघांचीही सर्व्हिस भेदक. कार्लोव्हिचने तर वयाची ३९ वर्षे पूर्ण केली होती. तिन्ही सेटमध्ये सहा-सहा गेमांची बरोबरी झाली. अशा वेळी टायब्रेक खेळतात. त्यात किमान सात गुण व दोन गुणांची आघाडी मिळवणारा सेट जिंकतो. तिन्ही टायब्रेक अँडरसनच्या बाजूने पाहिल्यास ७–४, २–७ व ७–५ असे झाले. बेरीज केली तर दोघांचेही गुण १६ च! विजेतेपद मात्र अँडरसनला मिळाले.

आता मोठ्या स्पर्धांत ही मोजणी यंत्रे करतात. तथापि यंत्रेही कधी थकतात. २०१० साली विम्बल्डनमध्ये अमेरिकेचा जॉन इस्नर व फ्रान्सचा निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला. त्या काळी तेथे पाचव्या सेटमध्ये टायब्रेक नसे. दुसऱ्या दिवशी ४७–४७ अशी बरोबरी झाली आणि गुणफलक तेथेच अडकला. त्यापुढील आकडे दाखवण्याची योजनाच त्यात केलेली नव्हती. खेळ मात्र चालू राहिला. तिसऱ्या दिवशी तो सेट ७०–६८ असा संपला. सर्व गुणांची बेरीज झाली तेव्हा माहूचे गुण ५०२ होते व इस्नरचे ४७८. सामना इस्नरने जिंकला होता.