जयपूर ते बुचर बेट: तेलटाक्यांच्या आगींचा मागोवा

वऱ्हाडात मोठी आग म्हटली की आधी जिनिंग आठवते. कापसाच्या गंजीत ठिणगी पडते, आजूबाजूच्या नगरपालिकांचे बंब धावतात, पाण्याचा मारा होतो, गाठी फोडून आतली धग शोधावी लागते. बंबवाल्यांची इथली सगळी उमेदवारी या आगीवर झालेली. पण अकोल्याहून शेगावला पायी निघाले की वाटेत गायगाव लागते. तिथे इंडियन ऑइलचा डेपो आहे. तिथली एखादी टाकी पेटली, तर जिनिंगमधला अनुभव फारसा कामाचा नाही.

याचे कारण साधे आहे. तेल पाण्यापेक्षा हलके. वरून पाणी ओतले तर ते तळाशी जाते आणि तेल वर जळतच राहते. विझवायचे तर फोमचा सलग थर तेलावर पसरावा लागतो. तो वाफ दाबतो आणि हवा तोडतो. पाण्याचे काम असते ते पेटलेल्या टाकीचे पत्रे आणि शेजारच्या टाक्या थंड ठेवण्याचे. तेलाच्या पातळीच्या वरचा पत्रा तापून आत दुमडतो, त्याच्याआड कोपरे तयार होतात आणि तिथे फोम पोहोचत नाही. विझली म्हणता म्हणता आग पुन्हा डोके काढते ती अशाच कोपऱ्यातून.

आपल्या देशाला हा धडा 29 ऑक्टोबर 2009 ला जयपूरजवळच्या सीतापुऱ्यातल्या इंधन डेपोत मिळाला. संध्याकाळी पेट्रोल दुसऱ्या कंपनीच्या डेपोकडे सोडण्याची तयारी चालू असताना व्हॉल्व्हपाशी गळती झाली. तासाभराहून जास्त वेळ वाफ आवारात पसरत राहिली आणि मग स्फोट झाला. त्या दणक्यात आग विझवायची यंत्रणाच निकामी झाली. सुमारे 60 हजार किलोलिटर इंधन होते. शेवटी जळू द्यायचे ठरले आणि ते अकरा दिवस जळले. पुढे एम. बी. लाल समितीने गळती हेरणारे सेन्सर, दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह, मोठ्या क्षमतेचे फोम मॉनिटर अशा शिफारशी केल्या. आज डेपोंत दिसणारे बरेच बदल त्यातून आले. तरी 5 जानेवारी 2013 ला सुरतजवळ हजिऱ्याला पेट्रोलची टाकी पेटली, तिघे गेले आणि आग दुसऱ्या दिवशी विझली.

महाराष्ट्राची पाळी आली ती 6 ऑक्टोबर 2017 ला. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे बुचर बेटावर, डिझेलच्या टाकीवर वीज पडली. बेटाला पूल नाही, माणसे-सामान सारे समुद्रातून न्यायचे. शेजारच्या टाक्यांवर पाणी मारत राहायचे आणि पेटलेल्या टाकीतले डिझेल खालून काढून घ्यायचे, असा मार्ग धरला गेला. आग पूर्ण विझायला 9 तारीख उजाडली. जीवितहानी झाली नाही. तेव्हा वर्तमानपत्रांतून 'तीन दिवस आग विझेना' असा सूर होता. मला विचाराल तर ते अपयश नव्हते. शेजारची एकही टाकी पेटली नाही, हेच तिथले यश.

याच्या शेजारी क्यूबातले मातान्सास ठेवून पाहावे. 5 ऑगस्ट 2022 ला तिथेही वीजच पडली, पण टाकीत कच्चे तेल होते. कच्चे तेल जळताना तापलेला थर खाली खाली सरकतो. तळाच्या पाण्याला टेकला की त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन उकळते तेल बाहेर उसळते. आग शेजारच्या टाक्यांत गेली आणि पुढे उभे असलेले अग्निशामक जवान मेले.

धीराचे उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्को गावचे. जून 2001 मध्ये 82 मीटर व्यासाची पेट्रोलची टाकी पेटली. पथकाने सुमारे बारा तास फक्त पंप, होज आणि फोमची जुळवाजुळव केली. मग एकदम मारा केला आणि 65 मिनिटांत आग विझली. अर्धवट फोम मारला तर तो जळून जातो आणि साठाही संपतो. म्हणून आधी जमवायचे, मग मारायचे.

आता हिशेब आपल्याकडचा. 40 मीटर व्यासाची टाकी धरा. पृष्ठभाग सुमारे 1256 चौरस मीटर. दर चौरस मीटरला मिनिटाला साडेसहा लिटर फोमद्रावण धरले, तर मिनिटाला 8 हजार लिटरच्या वर झाले. 5 हजार लिटरचा पालिकेचा बंब 40 सेकंदांत रिकामा. 65 मिनिटांना सव्वापाच लाख लिटरहून जास्त, त्यात 3 टक्के फोम म्हणजे 16 हजार लिटर. थंड ठेवायचे पाणी वेगळेच. डेपोंना चार तासांचा पाणीसाठा ठेवावा लागतो, तो याच हिशेबाने. मे महिन्यात अकोल्याच्या नळांची अवस्था पाहता, तो साठा संपला तर बाहेरून मिळेल असे कोणी समजू नये.

आणि आपला उन्हाळा. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, नियमाने किमान 35 अंश असावे लागते. अकोला मे महिन्यात 45 ओलांडते. पेट्रोलपेक्षा डिझेल सुरक्षित, ही समजूत मुंबईच्या हवेत जितकी चालते तितकी आपल्याकडे चालत नाही.

विदर्भात या विषयातली जाणकारी कमी नाही. देशातल्या पेट्रोलियम साठ्यांना परवाने देणाऱ्या पेसोचे मुख्यालय नागपूरला, राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही नागपूरला. घातक रसायनांविषयीच्या 1989 च्या नियमांनुसार कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने करायचा असतो. तेव्हा अकोला आणि अमरावतीच्या जिल्हाधिकाऱ्यांना एवढीच विनंती: दोन्ही शहरांचे बंब आणि डेपोची माणसे यांची संयुक्त कवायत दरवर्षी घ्या, आणि ती डिसेंबरच्या सकाळी नको, मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता घ्या.