विश्लेषण : १९२० चा विजेता ठरला १९२२ मध्ये! आयर्लंडचा तो फुटबॉल हंगाम का रखडला?

११ जून १९२२ रोजी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर टिपरेरी संघाने डब्लिनला १-६ विरुद्ध १-२ असे हरवून गेलिक फुटबॉलचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकावले. मात्र हे अजिंक्यपद १९२२ चे नव्हते, १९२० चे होते. मधल्या काळात आयर्लंडने ब्रिटिशांविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध पाहिले, शस्त्रसंधी पाहिली, करारही पाहिला. आणि याच मैदानावर, याच दोन संघांचा सामना सुरू असताना झालेला गोळीबारही पाहिला.

गेलिक फुटबॉल हा कसला खेळ?

आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा तो बराच वेगळा. प्रत्येक संघात १५ खेळाडू. चेंडू हातात घेण्याची मुभा. गोलचे खांब इंग्रजी ‘एच’सारखे. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर तेव्हा एक गुण मिळे. त्यामुळे १-६ म्हणजे एक गोल आणि सहा गुण, एकूण नऊ. डब्लिनचे १-२ म्हणजे पाच. काउंट्यांचे संघ आधी आपापल्या प्रांतात लढतात आणि चार प्रांतांचे विजेते पुढे उपांत्य फेरीत भिडतात, अशी तेव्हाची रचना होती.

ब्रिटिश सरकारला तो का खुपत होता?

खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजेच ‘जीएए’, १८८४ मध्ये टिपरेरीतल्या थर्ल्स गावी स्थापन झाली. देशी खेळ जपणे हा तिचा हेतू. तिच्या सदस्यांना क्रिकेट, रग्बीसारखे ‘परके’ खेळ खेळायला बंदी होती आणि पोलीस वा ब्रिटिश सैनिकांना संघटनेत प्रवेश नव्हता. १९१८ मध्ये सामन्यांसाठी सरकारी परवाना सक्तीचा झाला. त्यावर जीएएने ४ ऑगस्टला देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने भरवले. हजारो खेळाडू मैदानात उतरले. इतक्यांना अटक करणार तरी कशी?

२१ नोव्हेंबर १९२० रोजी काय घडले?

त्या रविवारचा सामना अजिंक्यपद स्पर्धेतला होता असा समज अनेकदा आढळतो. तो चुकीचा आहे. टिपरेरीने डब्लिनला दिलेल्या आव्हानातून ठरलेली ती मैत्रीपूर्ण लढत होती. तिची कमाई तुरुंगात असलेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या कुटुंबांसाठी जाणार होती.

त्याच सकाळी मायकेल कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ठिकठिकाणी घुसून ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. डझनाहून अधिक जण मारले गेले. बदला घेतला जाणार हे उघड होते. सामना रद्द करा, असा इशारा जीएएच्या पदाधिकाऱ्यांना मिळालाही. पण ऐनवेळी रद्द केला तर सकाळच्या हत्यांशी संघटनेचे नाव जोडले जाईल, ही त्यांची भीती. शिवाय प्रेक्षक आत आले होते. सामना अर्धा तास उशिरा, सव्वातीनला सुरू झाला.

दहाएक मिनिटांत पोलिसांच्या गाड्या आल्या. त्यात ‘ब्लॅक अँड टॅन्स’ आणि ‘ऑक्झिलरी’ दलाचे लोक होते. मैदानाला वेढा घालून पुरुषांची झडती घ्यायची, असा आदेश होता. प्रत्यक्षात शिरताच गोळीबार सुरू झाला. तो सुमारे दीड मिनिट चालला. गोळ्यांनी आणि चेंगराचेंगरीत मिळून १४ जण दगावले. त्यात १०, ११ आणि १४ वर्षांची तीन मुले होती. पाच दिवसांवर लग्न आलेली २६ वर्षांची जेन बॉइल होती. आणि एक खेळाडू : टिपरेरीचा बचावपटू मायकेल होगन.

चौकशीत काय निघाले?

लष्कराने बंद दाराआड चौकशी केली. पोलिसांनी २२८ गोळ्या झाडल्या, बाहेरच्या लष्करी यंत्रबंदुकीतून आणखी ५०. पहिली गोळी गर्दीतून आली, असे अहवालाने म्हटले. पण पोलिसांचा गोळीबार विनाआदेश आणि गरजेपेक्षा जास्त होता, हेही नोंदवले. हे निष्कर्ष अनेक दशके दडवून ठेवले गेले. आयरिश वृत्तपत्रांना मात्र लगेच अमृतसर आठवले. जालियनवाला बाग हत्याकांडाला तेव्हा दीड वर्षच उलटले होते. योगायोग असा की, जनरल डायरच्या कृत्याची पाठराखण करणारा पंजाबचा नायब राज्यपाल मायकेल ओडवायर मूळचा टिपरेरीचाच.

मग अंतिम सामना इतका का लांबला?

डब्लिनने कॅव्हनला हरवून १९२० च्या सप्टेंबरमध्येच अंतिम फेरी गाठली होती. अडले होते दुसऱ्या बाजूला. डिसेंबर १९२० मध्ये दक्षिणेकडील कॉर्क, केरी, लिमरिक आणि टिपरेरी या चार काउंट्यांत लष्करी कायदा लागू झाला. चारही मन्स्टर प्रांतातल्या; म्हणजे टिपरेरीचा मार्ग तिथून जात होता. गावोगावी संचारबंदी, खेळाडूंपैकी कोणी भूमिगत, कोणी तुरुंगात. जुलै १९२१ मध्ये शस्त्रसंधी झाली, डिसेंबरमध्ये करार झाला आणि मगच रखडलेल्या स्पर्धेला गती आली. मे १९२२ मध्ये टिपरेरीने उपांत्य लढतीत मेयोला नमवले. अंतिम फेरी गाठलेल्या डब्लिनला प्रतिस्पर्धी मिळायला तोवर जवळपास २० महिने लागले होते.

अंतिम सामन्यात ‘ब्लडी संडे’ला मैदानात असलेले काही खेळाडू पुन्हा समोरासमोर आले. टिपरेरी जिंकली. पण निवांतपणा औटघटकेचा ठरला. १७ दिवसांनी, २८ जूनला, त्याच शहरात करारसमर्थक सरकारच्या तोफा फोर कोर्ट्स इमारतीत ठाण मांडलेल्या करारविरोधकांवर धडाडल्या आणि आयरिश यादवी सुरू झाली. साहजिकच पुढचे हंगामही तुंबले. १९२१ आणि १९२२ अशा दोन हंगामांच्या अंतिम लढती १९२३ मध्ये झाल्या. दोन्ही डब्लिननेच जिंकल्या.

शंभर वर्षांनी काय झाले?

क्रोक पार्कमधील एका स्टँडला होगनचे नाव आहे. विजेता कर्णधार करंडक तिथेच स्वीकारतो. टिपरेरीच्या मुख्य फुटबॉल संघाच्या कर्णधाराला मात्र ती संधी कधीच मिळालेली नाही. १९२० नंतर फुटबॉलचे अजिंक्यपद त्यांच्या वाट्याला आलेच नाही.

२०२० मध्ये ‘ब्लडी संडे’च्या शताब्दीच्या दुसऱ्याच दिवशी, २२ नोव्हेंबरला, टिपरेरीने होगनच्या संघासारखी पांढरी-हिरवी जर्सी घालून कॉर्कला हरवले आणि १९३५ नंतर प्रथमच मन्स्टर जिंकले. त्याच दिवशी कॅव्हननेही अल्स्टर जिंकले. लीन्स्टरमध्ये डब्लिन आणि कॉनॉटमध्ये मेयो विजेते ठरलेच होते. म्हणजे १९२० चेच चार संघ, त्याच चार प्रांतांतून, पुन्हा उपांत्य फेरीत! करोनामुळे स्टँड रिकामे होते. यावेळी मेयोने टिपरेरीला ५-२० विरुद्ध ३-१३ असे पराभूत केले आणि अजिंक्यपद डब्लिनकडे गेले.