उणीव सांगावी कशी?



येलदरीस पूर्णा नदीवरील धरणाच्या पायथ्याशी वीजघर आहे. तेथल्या कामगारांचे अर्ज लिहिता लिहिताच आम्ही लिहायला शिकलो. कॉलेजची पायरी काही चढलो नाही. आता त्या कामगारांची मुले पदव्युत्तर शिक्षणाला निघतात आणि प्रवेशअर्जाबरोबरचे स्वतःविषयीचे निवेदन आमच्यापुढे ठेवतात. काही संस्था त्यात स्पष्टच विचारतात, तुमची उणीव कोणती?

अशीच एक मुलगी आली. ती पदवीच्या दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रात नापास झाली होती. आम्ही म्हणालो, ‘त्याचा उल्लेखच नको. मी फार कष्ट करते, हीच माझी उणीव, असे लिही.’ मुलाखतीत गुणपत्रिका समोर होतीच. पहिलाच प्रश्न त्या विषयावर आला आणि तिला शब्द सुचेना. प्रवेश हुकला. चूक आमची होती.

पुढे आनंदीबाई जोशी यांचे पत्र वाचनात आले. जून 1883 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेश मागितला. आपले शिक्षण कितपत झाले, ते त्यांनी मांडले; प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून कदाचित पुऱ्या होणार नाहीत, हेही आपणहून सांगितले. परंतु त्या तेथेच थांबल्या नाहीत. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून अमेरिकेपर्यंत आणणारा निश्चय त्यांनी पुढे ठेवला. पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, हेही लिहिले. प्रवेश मिळाला आणि 11 मार्च 1886 रोजी पदवीही मिळाली.

यातून आम्ही एवढे शिकलो. उणीव खरी व नेमकी सांगावी. उणिवेच्या वेषातली बढाई वाचणारा तेव्हाच ओळखतो. घरचे सारे दुःख कागदावर ओतू नये. अभ्यासाशी संबंध असेल तेवढेच, दोन वाक्यांत लिहावे. मग त्या उणिवेवर आपण काय केले आणि पुढचे शिक्षण कशासाठी हवे, ते सांगावे. दोष लपवला की तो दुसऱ्याच्या हाती लागतो. आपणच सांगितला, तर त्याचा खुलासाही आपल्याच शब्दांत होतो.

पुढच्या वर्षी त्या मुलीने लिहिले : ‘संख्याशास्त्रात नापास झाले. गणिताचा पाया कच्चा होता. अकरावीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरुवात केली आणि दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झाले.’ या खेपेस निवेदन तिने आम्हाला न दाखवताच पाठवले. बरेच केले!