नमाजच्या वेळा सांगणारी कमांड डेबियनमध्ये कशी येते?

मोबाइलवरची बरीच नमाज ॲप्स आधी लोकेशन मागतात, मग जाहिराती दाखवतात. डेबियन ही 1993 पासून स्वयंसेवक चालवत असलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्यात 'आयटूल्स' नावाचं एक छोटं पॅकेज आहे. त्यातल्या 'आयप्रेटाइम' कमांडला गावाचे अक्षांश-रेखांश दिले की वेळा समोर येतात. हिशेब आपल्याच कॉम्प्युटरवर होतो, इंटरनेट लागत नाही. 'आयडेट' ही दुसरी कमांड हिजरी तारीख सांगते (तीही हिशेबानेच, चाँद आपल्यालाच बघायचा).

पद्धतही निवडता येते. कराची पद्धतीत शाफई आणि हनफी असे दोन पर्याय आहेत. कोकणातल्या शाफई घरांत आणि घाटावरच्या हनफी घरांत असरच्या वेळेचा ऋतूनुसार पाऊण ते सव्वा तासाचा फरक पडतो, त्यामुळे ही सोय आपल्याकडे कामाची.

मूळ कोड 'अरबआइज' या प्रकल्पाचा. पण कोड लिहिला म्हणजे तो लोकांपर्यंत पोचला असं नाही. पॅकेज करणारा त्याला 'डेबियन' नावाचं फोल्डर जोडतो. त्यातल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये वर्णन असतं आणि आणखी काय लागेल तेही. वेळांचं गणित 'लिबआयटीएल' या वेगळ्या लायब्ररीत आहे. तिची नोंद नसेल तर कमांड इन्स्टॉल होईल, पण चालणार नाही. 'रूल्स' फाइल कोड कसा बांधायचा ते सांगते, 'चेंजलॉग' बदलांची वही.

खरी मेहनत 'कॉपीराइट' फाइलची. लेखकाने कोड नेटवर फुकट टाकला, एवढं पुरत नाही. कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा अशी लेखी परवानगी लागते. ती नसेल तर कोड कितीही चांगला असो, डेबियनच्या मुख्य संग्रहात जागा नाही. प्रत्येक फाइल कुणाची आहे, तेही तपासावं लागतं.

पुढे 'लिंटियन' हा तपासनीस प्रोग्रॅम चुका दाखवतो, अगदी कमांडचं माहितीपान नाही इथपर्यंत. नवख्याला स्वतः अपलोड करता येत नाही. एखादा अनुभवी डेव्हलपर तपासून पाठवतो. मग अनस्टेबल, टेस्टिंग आणि शेवटी स्टेबल.

एवढं करूनही सांभाळणारा हवाच. गंभीर बग तसाच राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून काढतात आणि पुढच्या आवृत्तीत ते मिळत नाही. आपली कितीतरी मुलं-मुली कॉम्प्युटर शिकतायत. इथे डिग्री कुणी विचारत नाही. डेबियनची सोर्सची ओळ चालू करून 'एपीटी सोर्स आयटूल्स' एवढं टाइप केलं की सगळा कोड त्या फोल्डरसकट उतरतो. आधी तो वाचावा, मग एखादा छोटा बग धरावा.