पोर शाळेला निघते तेव्हा



ओझरच्या एका मळ्यात कांद्याचे रोप पाहायला गेलो होतो. सकाळची वेळ होती. घरची बाई बांधावर खुरपे घेऊन उभी होती, पण खुरपत नव्हती. उसाच्या दोन फडांमधून गेलेल्या वाटेकडे तिचे डोळे लागले होते. त्या वाटेने तिची मुलगी दप्तर घेऊन चालली होती. निळी रिबीन वळणाआड गेली तरी बाई हलेना. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "साहेब, पोर शाळेत पोचली असेल असं वाटेपर्यंत हातात काम धरत नाही. तिचे वडील म्हणतात, नववी झाली तेवढी पुरे, आता घरीच बसू दे."

कांद्याच्या रोपाविषयी मी काय सांगितले ते आता आठवत नाही. तिचे शेवटचे वाक्य मात्र डोक्यातून गेले नाही. म्हणून आज पिकावर न लिहिता या भीतीवर लिहितो आहे.

पिंपरखेडचे वीस दिवस

भीतीचे कारण आपल्या भागाला सांगावे लागत नाही. 2025 सालच्या ऑक्टोबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला पाच-साडेपाच वर्षांची मुलगी बिबट्याने नेली. दहा-बारा दिवसांत त्याच परिसरात एक म्हातारी आजी गेली. 2 नोव्हेंबरला तेरा वर्षांचा मुलगा गेला. वीस-एकवीस दिवसांत तीन माणसे! लोकांचा धीर सुटला. वन खात्याची गाडी पेटवली गेली. दुसऱ्या दिवशी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग लोकांनी तासन् तास अडवून धरला. 4 नोव्हेंबरच्या रात्री नेमबाजांनी तो नर बिबट्या टिपला. त्याआधी 2024 च्या मे महिन्यात आपल्याच जुन्नर तालुक्यातल्या काळवाडीला आठ वर्षांचा मुलगा असाच गेला होता.

ज्या घरातले लेकरू गेले त्या घराचे दुःख लिहून सांगण्यासारखे नाही. पण त्या दिवसांत दर गावात जे झाले ते सांगायला हवे. दिवेलागणीच्या आत दारे लागू लागली. अंगणातले खेळ बंद झाले. रात्री पाण्याची पाळी आली तरी दारे धरायला एकटा माणूस जाईना. पिंपरखेडकडे तर शेतात जाणाऱ्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधले. आपल्या माणसांवर कुत्र्यासारखा पट्टा बांधायची वेळ आली, हे पाहून ज्याच्या पोटात कालवले नाही असा कोण असेल?

लोकांच्या रागाला मी नावे ठेवणार नाही. लेकरू गमावलेल्या गावाने गप्प बसावे, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मात्र राग हा पाचटाच्या आगीसारखा असतो. भडकतो मोठा आणि विझतोही लवकर. तेराव्यानंतर पुढारी येईनासे होतात, वर्तमानपत्राला दुसरी बातमी मिळते आणि ऊस होता तिथेच, ओसरीला चिकटून उभा राहतो.

डनब्लेनच्या आईबापांनी काय केले

आपल्याकडच्या काही घरांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत. तिथे नातवाला शाळेत सोडताना आईबापांच्या पोटात असाच गोळा येतो, पण बिबट्यामुळे नव्हे, बंदुकीमुळे. 14 डिसेंबर 2012 ला तिथल्या सँडी हुक शाळेत एका माथेफिरूने 20 चिमुरडी मुले आणि 6 मोठी माणसे गोळ्या घालून मारली. तिथल्या शाळांतून आता पोरांना वर्गाचे दार लावून अंधारात गप्प बसायचा सराव देतात.

त्याच्याही आधी, 13 मार्च 1996 ला, स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी असेच घडले. शाळेतली 16 बालके आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. पण तिथल्या आईबापांनी दुःख थंड होऊ दिले नाही. लाखो सह्या गोळा झाल्या आणि 1997 साली ब्रिटनमध्ये खासगी माणसाने पिस्तूल बाळगण्यावर कायद्याने बंदी आली.

बिबट्यावर काही कायद्याने बंदी घालता येत नाही. पण डनब्लेनकडून एक गोष्ट आपण घ्यावी. शोक ताजा आहे तोवरच त्याला कामाला जुंपायचे.

ऊस दारापर्यंत कोणी आणला?

इथे मला माझाही कान पिळावा लागेल. कुकडीचे पाणी खेळू लागले, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे ही धरणे भरली, साखर कारखाने उभे राहिले. आम्ही विस्ताराची माणसे गावोगाव सांगत फिरलो की ढेकूळभर जागा पडीक ठेवू नका. तुम्ही ऐकले. बांध गेले, वाटा अरुंद झाल्या, ऊस भिंतीला टेकला. घरात पैसा आला, हे खरेच. पण भिंतीपासून दोन हात तरी सोडा, असे मी त्या वेळी कोणाला सांगितल्याचे आठवत नाही. ते आज सांगतो.

बिबट्याच्या मादीला उसासारखी जागा दुसरी नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत सावली, पाटाला पाणी, खायला कुत्री आणि डुकरे. पिल्ले तिथेच जन्मतात, तिथेच वाढतात. त्यांच्या लेखी ऊस हेच रान. शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यास झाला तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांचा त्याहून बराच कमी. म्हणजे तो येतो तो बहुधा कुत्र्यामागे. अंधारात खाली बसलेले किंवा वाकलेले लहान पोर त्याला माणूस वाटत नाही, छोटे जनावर वाटते.

मग सगळे धरून लांब नेऊन सोडा, असे पुष्कळजण म्हणतात. हा प्रयोग आपल्याच भागात होऊन गेला आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर वन विभागात 44 माणसांवर हल्ले झाले. त्या वर्षांत बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडले जात होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवले की त्यामुळे हल्ले थांबले नाहीत, उलट जिथे सोडले तिथे वाढले. माणसावर चटावलेल्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण एक गेला की त्याच्या जागी दुसरा येतो. म्हणून बंदुकीवर आणि पिंजऱ्यावर सगळी भिस्त ठेवून चालणार नाही.

तीन गुंठ्यांचा हिशेब

घराच्या उसाकडील बाजूला 100 फूट लांब आणि 30 फूट रुंद पट्टा मोकळा ठेवला तर 3,000 चौरस फूट, म्हणजे तीन गुंठ्यांहून थोडी कमी जागा जाते. एकरी 40 टन उतारा धरला तर ऊस गेला तीन टनांच्या आत. टनाला तीन हजार धरा, नऊ हजारांच्या आत रक्कम झाली. तीही सगळी बुडत नाही. त्या पट्ट्यात कांदा, भुईमूग, मेथी, कोथिंबीर, लसूणघास असे गुडघ्याच्या खाली राहणारे पीक घ्या. पोराच्या जिवापुढे हा हिशेब करावा लागतो याचीच मला लाज वाटते, पण शेतकरी हिशेबाने पटतो म्हणून केला.

याच्या जोडीला एवढे करा :

1. गोठा आणि शेळ्यांचा वाडा चारी बाजूंनी आणि वरूनही जाळीने बंद करा. कुत्रे रात्री ओसरीवर मोकळे बांधू नका.

2. मेलेल्या कोंबड्या आणि खाटकाकडची घाण रस्त्याकडेला टाकू नका. खड्डा करून चुना टाकून पुरा. घाण तिथे कुत्री, आणि कुत्री तिथे बिबट्या.

3. अंगणात आणि संडासाच्या वाटेवर दिवा हवाच. वीज जाते म्हणून एक सौरदिवा ठेवा. दिवेलागणीनंतर लहान पोराला एकटे बाहेर बसवू नका. रात्रीच्या पाण्याला दोघे जा, बॅटरी आणि काठी घ्या. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी लावून धरा.

4. समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, बसू नका. ताठ उभे राहा, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. लेकराला उचलून घ्या.

5. तोडणीत पिल्ले सापडली तर हात लावू नका, मोबाईलवर चित्रे काढत बसू नका. तोडणी थांबवा आणि वन खात्याला 1926 या क्रमांकावर कळवा. पिल्लू हरवलेली मादी फार धोक्याची असते.

6. ऊसतोडणीवाल्यांच्या आणि मेंढपाळांच्या पोरांना विसरू नका. कोपीला दार नसते. फड तुमचा आहे, तर कोप्यांसाठी मोकळी जागा आणि उजेड देण्याची जबाबदारीही तुमची.

शाळा सुटू देऊ नका

आता त्या बाईच्या वाक्याकडे येतो. बिबट्याच्या भीतीने पहिल्यांदा कोणाची शाळा बंद होते? मुलीची. मुलगा सायकल घेऊन जातो, मुलगी घरी बसते आणि दोन वर्षांत तिचे लग्न उरकते. बिबट्याने न नेता गेलेली ही पोर कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

यावर तोड गावातच आहे. पोरांची दिंडी काढा. एका वस्तीची सगळी पोरे एका वेळी निघावीत, पुढे एक मोठे माणूस, मागे एक, लहानगी मधे. पाढे म्हणत, गाणी म्हणत, गलका करत जावे. पाळी लावा, प्रत्येक घराला आठवड्यातून एखादी सकाळ-संध्याकाळ येईल. शाळेच्या वाटेच्या दोन्ही बाजू साफ ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत घ्या. उजेडात शाळा भरेल आणि उजेडात सुटेल अशा वेळा मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा.

आणखी एक. मेलेल्या पोरांची चित्रे आणि खऱ्याखोट्या बातम्या मोबाईलवर पुढे ढकलू नका. ती तुमच्या पोरांच्या नजरेला पडतात आणि मग ती झोपेत दचकतात. त्यांना काय झाले आणि काय करायचे, हे जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगा. ज्या घरात असे दुःख झाले तिथे तेराव्यानंतरही जा. सरकारकडून मृताच्या वारसांना 25 लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी कागद जमवायची ताकद त्या बापात नसते. कागद तुम्ही जमवा. तेवढे तरी शेजाऱ्याने करावे.

परवा पुन्हा त्या मळ्यावर गेलो. घरामागच्या दोन सऱ्या मोडून तिथे मेथी टाकली होती. वस्तीवरची सात पोरे एकत्र निघाली. पुढे एक आजोबा काठी घेऊन, आणि त्यांच्या मागे ती निळ्या रिबिनीची मुलगी. आई बांधावर उभी होतीच. ती उभी राहणारच. पण पोरे वळणाआड गेली, त्यांचा गलका मात्र बराच वेळ ऐकू येत राहिला आणि बाईने खाली बसून खुरपायला सुरुवात केली.